साइट कधी फिरवायची आणि कधी नाही: 50 मीटर व 10 मीटर रायफल नेमबाजांसाठी

रायफल नेमबाजी शिकायला आलेल्या मुलामुलींना साइट, म्हणजे रायफलवरचे नेम धरण्याचे साधन, कशी फिरवायची हे पहिल्या आठवड्यातच कळते. ती कधी फिरवायची हे कळायला मात्र काही वर्षे जातात. रिअर साइटला, म्हणजे डोळ्याजवळच्या साइटला, दोन नॉब असतात, एक शॉट वर-खाली नेणारा आणि दुसरा डावी-उजवीकडे नेणारा, आणि बोटाला जाणवणारा प्रत्येक ‘टक्’ म्हणजे एक क्लिक. अवघड असतो तो निर्णय. मॉनिटरवर शॉट मध्यापासून दूर दिसला की ती चूक साइटची, वाऱ्याची, पोझिशनची की आपल्या बोटाची, हे पुढची गोळी भरण्याआधी ठरवावे लागते, आणि तेही घड्याळ चालू असताना.

वरच्या पातळीवर हा निर्णय किती मोलाचा ठरतो हे दोन कोल्हापूरकरांच्या गुणांवरून दिसते. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोनचे (पालथे झोपून नेमबाजी) जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचे गुण 600 पैकी 597 होते, म्हणजे 60 शॉटमध्ये केवळ तीन गुण गेले होते. स्वप्नील कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि स्टँडिंग म्हणजे उभे राहून) पात्रता फेरीत 590 गुण मिळवून सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली आणि 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. जिथे संपूर्ण पात्रता फेरीत दहाच गुण गमावण्याची मुभा असते, तिथे चुकीच्या वेळी दिलेले दोन क्लिक आणि त्यामुळे लागोपाठ पडलेले तीन नऊ कोणालाही परवडत नाहीत.

आधी आपल्या क्लिकचे माप घ्या

एक क्लिक टार्गेटवर किती मिलिमीटर सरकवतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने साइट केव्हा फिरवावी याचा विचार करण्यात अर्थ नाही. साइट रेडियस, म्हणजे फ्रंट साइट आणि रिअर साइट यांमधले अंतर, सुमारे 80 सेंटिमीटर धरले तर रिअर साइटचे भोक 0.04 मिलिमीटरने सरकल्यावर शॉट 50 मीटरवर अडीच मिलिमीटरने आणि 10 मीटरवर अर्ध्या मिलिमीटरने सरकतो. तुमच्या साइटचा क्लिक याहून लहान किंवा मोठा असू शकतो, म्हणून माहितीपत्रकातल्या आकड्यावर न थांबता स्वतः मोजावे. वारा नसताना रायफल टेकवून पाच शॉट मारावेत, दहा क्लिक एकाच दिशेने द्यावेत, त्याच ठिकाणी नेम धरून पुन्हा पाच शॉट मारावेत आणि दोन ग्रुपच्या (शॉटच्या पुंजक्यांच्या) केंद्रांमधले अंतर मोजून त्याला दहाने भागावे. हे दोन्ही नॉबसाठी वेगवेगळे करावे. त्याच वेळी नॉबवरच्या बाणाचा अर्थही तपासावा, कारण काही साइटवर बाण शॉट जिकडे न्यायचा ती दिशा दाखवतो, तर काहींवर शॉट जिकडे गेला ती. उसनी रायफल घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्यांची फसगत सहसा इथेच होते. साइट जुनी असेल तर आट्यांतला खेळही पाहावा. तो जाणवत असेल तर एक दिशा ठरवून घ्यावी आणि उलट दिशेने फिरवताना हव्या त्या जागेच्या दोन क्लिक पुढे जाऊन मग मागे यावे, म्हणजे साइट दर वेळी एकाच बाजूने येऊन बसते.

हे माप टार्गेटच्या मापाशी जोडून लक्षात ठेवावे. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि प्रत्येक पुढचे वर्तुळ 8 मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे दशांश गुणांत, जिथे दहाचेही 10.0 ते 10.9 असे भाग पडतात, 0.1 म्हणजे 0.8 मिलिमीटर. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा हा केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, वर्तुळांमधले अंतर अडीच मिलिमीटर असते आणि 0.1 म्हणजे पाव मिलिमीटर. हे हिशेब तोंडपाठ असले की 50 मीटरला मॉनिटरवर 10.4 दिसताच शॉट मध्यापासून चार-साडेचार मिलिमीटरवर आहे, म्हणजे दोन क्लिकपेक्षाही कमी अंतरावर आहे, हे आकडेमोड न करता कळते.

शॉट सरकला की ग्रुप सरकला

माझ्या मते या विषयातला मूळ प्रश्न हा एकच आहे. साइट फिरवायची ती ग्रुप सरकला म्हणून. एकटा शॉट सरकला म्हणून नव्हे. उत्तम रायफल, उत्तम गोळ्या आणि उत्तम नेमबाज एकत्र आले तरी सगळे शॉट एकाच भोकात जात नाहीत; मध्याभोवती त्यांचा थोडा पसारा असतोच आणि तो साइट फिरवून कमी होत नाही. उलट वाढतो. समजा रायफल अचूक झिरो आहे, म्हणजे नेम मध्यावर असताना ग्रुपही मध्यावरच पडतो, शॉट उजवीकडे पाच मिलिमीटरवर, 10.3 चा गेला आणि तुम्ही लगेच डावीकडे दोन क्लिक दिले. पुढचा शॉट आपल्या नैसर्गिक पसाऱ्यानुसार डावीकडे चार मिलिमीटरवर, म्हणजे 10.4 वर जाणार होता. आता तो नऊ मिलिमीटरवर जाऊन 9.8 होतो. मग तुम्ही घाबरून पुन्हा उजवीकडे क्लिक देता आणि हा झोका मालिका संपेपर्यंत थांबत नाही. प्रत्येक शॉटनंतर त्याची पूर्ण चूक भरून काढत राहिले तर ग्रुपचा पसारा सुमारे 1.4 पट होतो. हा गणिती परिणाम आहे आणि कितीही मुरलेला नेमबाज असला तरी त्यातून सुटत नाही.

म्हणूनच शॉटला ‘कॉल’ देण्याची सवय ही साइटच्या निर्णयाची पहिली पायरी आहे. ट्रिगर सुटला त्या क्षणी फ्रंट रिंगमध्ये (फ्रंट साइटच्या कड्यात) टार्गेटचा काळा गोल कुठे होता हे डोळ्याने टिपायचे आणि मॉनिटरकडे पाहण्याआधी मनात म्हणायचे, ‘उजवीकडे, थोडा खाली’. मॉनिटर पाहून मग कॉल देणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. कॉल आणि शॉट जुळले तर साइट निर्दोष आहे आणि चूक धरण्याची किंवा ट्रिगरची आहे. कॉल मध्यावर आणि शॉट बाहेर, असे एकदा झाले तर ती नोंद ठेवावी. लागोपाठ दोनदा एकाच बाजूला झाले तर सावध व्हावे. तीनदा झाले तर बहुधा नॉबकडे हात न्यायची वेळ आलेली असते.

एक मालिका जवळून पाहू. 50 मीटर प्रोन, क्लिकचे मोल अडीच मिलिमीटर, वारा स्थिर. पहिला शॉट 10.4, सरळ उजवीकडे. दुसरा 10.6, डावीकडे वर. तिसरा 10.1, सरळ उजवीकडे. चौथा 9.8, उजवीकडे, पण नेमबाजाने कॉल दिला होता, ‘ट्रिगर ओढला गेला, उजवीकडे’. पाचवा 10.3, उजवीकडे खाली. चौथा शॉट कॉलशी जुळला म्हणून तो हिशेबातून वगळायचा. उरलेल्या चारांचे आडवे अंतर उजवीकडे साधारण 4.4, 6.8 आणि 3.7 मिलिमीटर व डावीकडे 2 मिलिमीटर येते, त्यांची सरासरी उजवीकडे सव्वातीन मिलिमीटर. उभ्या दिशेची सरासरी जवळजवळ शून्य आहे. निर्णय असा की डावीकडे एक क्लिक द्यावा आणि उभ्या नॉबला हात लावू नये. चौथा शॉट धरला असता तर सरासरी साडेचारच्या जवळ गेली असती आणि दोन क्लिक देण्याचा मोह झाला असता. फरक एका क्लिकचाच असला तरी आपल्या बोटाची चूक साइटमध्ये उतरवून ठेवायची नाही, हे तत्त्व यातून सांभाळले जाते.

स्पर्धेत इतके गणित कोणी करत नाही, आणि करूही नये. मॉनिटरवरचे शेवटचे चार-पाच शॉट पाहून त्यांच्या पुंजक्याचे केंद्र नजरेने ठरवता येते; सरावात ही नजर तयार करावी. केंद्र अर्ध्या क्लिकपेक्षा कमी सरकलेले असेल तर क्लिक दिल्याने ते उलट लांब जाईल, म्हणून काहीच करू नये. अर्ध्या ते एका क्लिकइतके सरकले असेल तर आणखी दोन-तीन शॉटची वाट पाहावी. त्याहून जास्त असेल आणि कॉल स्वच्छ असतील, तर क्लिक द्यावा.

किती शॉटची वाट पाहायची हे पोझिशनवर ठरते, आणि थ्री पोझिशनच्या नवख्या नेमबाजांना हे कोणी समजावून सांगत नाही याचे मला वाईट वाटते. प्रोनमध्ये पसारा लहान असतो, म्हणून तीन मिलिमीटरचे सरकणे चार शॉटमध्ये स्पष्ट दिसते. स्टँडिंगमध्ये पसारा दुप्पट असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी दुप्पट नव्हे, चौपट शॉट लागतात. स्टँडिंगमध्ये तीन शॉट डावीकडे गेले म्हणून क्लिक देणारा नेमबाज बहुतेक वेळा स्वतःच्या डोलण्याच्या मागे धावत असतो. तिथे एका क्लिकच्या सरकण्यासाठी धीर धरावा, पण ग्रुप अख्ख्या वर्तुळाएवढा सरकला असेल तर तीन-चार शॉटही पुरेसे पुरावे आहेत.

साइटरच्या वेळेत

साइटर, म्हणजे गुणांच्या शॉटआधीचे चाचणीचे शॉट, सुरू असताना नियम थोडा बदलतो, कारण तेव्हा रायफलचा झिरो कुठे आहे हेच नक्की नसते आणि शॉट गुणांत धरले जात नाहीत. मला उपयोगी पडलेली रीत अशी आहे: पहिला स्वच्छ कॉलचा शॉट जिथे पडेल ते संपूर्ण अंतर क्लिकने भरून काढावे. दुसरा शॉट पडल्यावर उरलेल्या अंतराचा अर्धाच भाग भरावा, तिसऱ्यानंतर एक तृतीयांश, चौथ्यानंतर एक चतुर्थांश. जसजशी माहिती वाढते तसतसा एका शॉटचा अधिकार कमी होत जातो आणि साइट आतापर्यंतच्या सगळ्या शॉटच्या सरासरीवर येऊन बसते. चौथ्या-पाचव्या शॉटला हा भाग बहुधा एका क्लिकपेक्षा कमी भरतो, तिथे थांबावे. कॉल खराब असलेला साइटर मोजूच नये, आणि नळी नुकतीच साफ केलेली असेल तर सुरुवातीचे काही शॉट ती स्थिरावण्यासाठी सोडून द्यावेत.

नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग या प्रत्येक पोझिशनमध्ये गालाचा दाब, डोक्याची ठेवण आणि डोळ्याचे साइटपासूनचे अंतर बदलते, त्यामुळे झिरोही बदलतो. प्रत्येक पोझिशनचे क्लिक सरावाच्या वहीत लिहिलेले असावेत आणि पोझिशन बदलताच, पहिला साइटर मारण्याच्या आधी, ते साइटवर चढवावेत. वहीतला आकडा हा आरंभबिंदू आहे, त्याच्यावर श्रद्धा ठेवून साइटर टाळू नयेत.

नॉबआधी पोझिशन

ग्रुप खरोखरच सरकला आहे असे ठरल्यावरही हात लगेच नॉबवर जाऊ नये, कारण सरकण्याचे कारण अनेकदा साइटबाहेर असते. प्रोनमध्ये स्लिंग (रायफलला आधार देणारा दंडावरचा पट्टा) दंडावरून अर्धा इंच घसरला, डावे कोपर मॅटवर सरकले किंवा बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) खांद्यात वेगळ्या जागी बसली की रायफलचा नैसर्गिक रोख बदलतो, आणि मग नेमबाज प्रत्येक शॉटला स्नायूंनी रायफल ओढून मध्यावर आणत राहतो. ट्रिगर सुटताच ती ओढ सुटते आणि शॉट रोखाच्या दिशेने जातो. तपासणी सोपी आहे: नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत. काळा गोल रिंगमध्ये नसेल तर दोष पोझिशनचा आहे आणि तो कोपर किंवा कंबर हलवून दुरुस्त करायचा आहे. पोझिशनचा दोष क्लिकने झाकला तर दहा शॉटनंतर स्नायू थकतात, ओढ बदलते आणि ग्रुप पुन्हा पळतो.

दुसरी तपासणी रायफल कलल्याची. 50 मीटर जाईपर्यंत पॉइंट टू टू ची गोळी सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते आणि तेवढी उंची नळीला दिलेली असते, म्हणून रायफल उजवीकडे एक अंश कलली तरी शॉट दोनेक मिलिमीटर उजवीकडे जातो. पाच अंशांना हेच अंतर अकरा मिलिमीटरच्या आसपास पोचते, आणि थकलेल्या नीलिंगमध्ये पाच अंश कधी कलतात हे कळतही नाही. फ्रंट साइटमध्ये कल दाखवणारा बुडबुडा बसवला असेल तर आधी तो पाहावा.

10 मीटर एअर रायफलमध्ये हॉलच्या आत वारा नसतो, त्यामुळे साइटर संपल्यानंतर ग्रुप सरकला तर माझा पहिला संशय पोझिशन व गालाच्या दाबावर असतो, दुसरा आपणच क्लिक मोजण्यात केलेल्या चुकीवर. तरीही स्पर्धेच्या हॉलमधला प्रकाश सरावाच्या हॉलपेक्षा वेगळा असतो आणि गोल कमी-जास्त उजळ दिसल्याने झिरोत एखाद्या क्लिकचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तो साइटरमध्येच पकडावा.

वारा

बाहेरच्या 50 मीटर रेंजवर साइट फिरवण्याचे सर्वांत खरे कारण वाराच असते. ताशी 3.6 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा गोळीला सुमारे सात-आठ मिलिमीटर ढकलतो. चेहऱ्यावर जेमतेम जाणवणारी ही झुळूक शॉटला एक वर्तुळ बाहेर नेते, म्हणजे आपल्या उदाहरणातले तीन क्लिक. शिवाय नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) उजवे असतील, आणि बहुतेक टार्गेट रायफलींचे ते असतात, तर उजवीकडून येणारा वारा शॉटला डावीकडे व किंचित वर, घड्याळातल्या दहाच्या दिशेने नेतो आणि डावीकडून येणारा वारा उजवीकडे व किंचित खाली, चारच्या दिशेने. वाऱ्याने फक्त आडवा फरक पडतो असे समजून उभ्या फरकाला आपली चूक मानणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 50 मीटर रेंजवर 10 आणि 30 मीटरवर सुती झेंड्या असतात, 5 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब. दोघी वेगवेगळे सांगत असतील तर जवळच्या झेंडीला जास्त मान द्यावा, कारण सुरुवातीला मिळालेला धक्का गोळी पुढच्या सगळ्या अंतरात वाढवत नेते. साइटरच्या वेळेत आधी काही मिनिटे नुसते पाहावे: कोणता वारा सर्वांत जास्त वेळ टिकतो? त्या वाऱ्यात झिरो करावा आणि तो आपला ‘घरचा’ वारा मानावा. मग मुद्दाम दुसऱ्या वाऱ्यात, तो अधिक जोरात किंवा पडलेला असताना, दोन-तीन साइटर मारून त्याची किंमत क्लिकमध्ये मोजून ठेवावी. हे साइटर वाया जात नाहीत. स्पर्धेच्या मध्यावर तेच कामी येतात.

स्पर्धा सुरू झाल्यावर तीन मार्ग असतात. वारा क्षणभर बदलला असेल तर रायफल खाली घेऊन घरच्या वाऱ्याची वाट पाहावी. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि प्रोनमध्ये वेळ पुरतो. वारा बदलून काही मिनिटे तसाच राहिला असेल तर वाट पाहणे म्हणजे वेळ जाळणे, तेव्हा मोजून ठेवलेले क्लिक द्यावेत. नेम मध्याच्या बाजूला धरून शॉट मारणे हा तिसरा मार्ग शेवटच्या मिनिटांसाठी ठेवावा, कारण गोल रिंगमध्ये मुद्दाम तिरका बसवणे डोळ्याला अवघड जाते आणि प्रत्येक वेळी तो वेगळा बसतो.

वाऱ्यासाठी दिलेल्या क्लिकचा हिशेब ठेवणे ही वेगळीच शिस्त आहे आणि ती मी गुण गमावून शिकलो. राज्य पातळीवरच्या एका प्रोन स्पर्धेत डावीकडून जोर आला म्हणून मी डावीकडे तीन क्लिक दिले, दोन सुंदर दहा मारले, आणि तेवढ्यात वारा पडला. शेजारच्या लेनवर कोणीतरी मोठ्याने खोकले, माझे लक्ष तिकडे गेले आणि क्लिक परत घ्यायचे राहिले. पुढचे तीन शॉट डावीकडे नऊमध्ये गेले. पहिल्या दोघांना मी ट्रिगरची चूक समजलो. तेव्हापासून मी नॉबवर घरच्या झिरोची पांढरी खूण करतो आणि क्लिक दिल्यावर मॅटवरची एक रिकामी काडतूसपेटी उजवीकडून डावीकडे सरकवतो. पेटी डावीकडे दिसली की साइट घरी नाही हे आठवते. क्लिक देताना नळी टार्गेटकडेच असावी आणि बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, हे वेगळे सांगायला नको, पण घाईत विसरले जाते.

फिरवायची वेळ आली की फिरवा

इतकी सावधगिरी सांगितल्यावर उलट बाजूही तितक्याच आग्रहाने सांगायला हवी. प्रशिक्षकांच्या ‘साइटला हात लावू नको’ या धाकाने कित्येक मुले लागोपाठ पाच 9.9 एकाच बाजूला पाहत बसतात आणि सहाव्याची प्रार्थना करतात. कॉल मध्यावर आहे, नैसर्गिक रोख तपासला आहे, वारा स्थिर आहे आणि ग्रुपचे केंद्र दोन क्लिक बाहेर आहे, तर दोन क्लिक द्यावेत आणि पुढच्या शॉटला पूर्ण विश्वासाने सामोरे जावे. अर्ध्या मनाने एक क्लिक देऊन उरलेला फरक नेमाने भरून काढणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण मग पुढचा शॉट कशामुळे कुठे गेला हे कळण्याचा मार्गच उरत नाही. क्लिक दिल्यानंतर किमान दोन-तीन शॉट साइट तशीच ठेवावी. पहिल्याच शॉटवर निर्णय उलटवू नये.

स्पर्धा संपल्यावर, रायफल पेटीत ठेवण्याआधी, वहीत चार गोष्टी लिहाव्यात: प्रत्येक पोझिशनचा शेवटचा झिरो, स्पर्धेत एकूण किती वेळा साइट फिरवली, त्यांपैकी कोणत्या वेळी क्लिकनंतरचे तीन शॉट मध्याकडे आले आणि कोणत्या वेळी नाही. गोळ्यांचा लॉट बदलला असेल तर तोही लिहावा. वाऱ्याच्या दिशेसाठी घड्याळाचा आकडा पुरतो. दहा-बारा स्पर्धांनंतर ही पाने एकत्र वाचली की आपण घाईने फिरवणारे आहोत की उशिराने, आणि कोणत्या पोझिशनमध्ये, हे स्वतःच्या अक्षरात समोर येते, आणि पुढच्या मोसमाचा सराव तिथूनच आखता येतो.